डबे दोन होते

“शाई पळते, सायेब. शिसपेन ठेवा.”

त्यांच्या खोलीत मी खिशातून पेन काढलं की ते हे म्हणत आणि कानावरची पेन्सिल पुढे करत. शाईशी त्यांचं भांडण कामातून आलेलं होतं. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा स्पिरिटमधून न्यावा लागे. सोबतच्या चिठ्ठीवर नाव शाईने लिहिलेलं असलं तर ते स्पिरिटमध्ये विरघळून जाई आणि कोणता तुकडा कोणाचा हे कळायला मार्ग उरत नसे. पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं राही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, आडनावासकट. ते कसं, हे पुढे येईल.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. गावात एक धर्मादाय रुग्णालय होतं. तिथल्या सर्जनसाहेबांनी कमिटीच्या मागे लागून मागच्या अंगाला, धुण्याच्या हौदाशेजारी, तपासणीची एक खोली उभी करून घेतली होती. त्या खोलीचे एकमेव कर्मचारी म्हणजे हे गृहस्थ. राहणार पिंपळगाव राजा, शिक्षण नागपूरच्या मेडिकल कॉलेजात. हुद्दा तंत्रज्ञाचा. दवाखान्यात सगळे त्यांना ‘मेणवाले भाऊ’ म्हणत.

गाठीचा तुकडा बाटलीतून त्यांच्याकडे येई. ते त्यातलं पाणी स्पिरिटने काढून टाकत आणि त्या जागी वितळलेलं मेण मुरवत. मेण थंड झालं की साबणाच्या छोट्या वडीसारखा ठोकळा तयार होई. मग पात्याच्या यंत्रावर त्याचे काप काढायचे. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. काप कोमट पाण्यावर तरंगत सोडायचा, खालून काच घालून अलगद उचलायचा आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायचा. दर गुरुवारी अकोल्याहून एक डॉक्टर येऊन त्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि निदान लिहून देत.

मेणाचा थर्मामीटर फुटला होता. नवा मागवण्याचा अर्ज कमिटीकडे पडून होता. तोवर ते मेणाचा एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहत, आई दुधाची वाटी पाहते तसं. मी विचारलं, भाजत नाही का?

“भाजते ना जी. भाजलं म्हंजे जास्त झालं. नाही भाजलं म्हंजे कमी झालं. मधातलं पाह्यजे.”

त्यांच्या डाव्या मनगटावर पांढऱ्या ठिपक्यांची एक रांगोळीच झाली होती.

चहा ते त्याच स्टोव्हवर करत. “मेणाचा वास येईन थोडा. बाधत नाही,” म्हणून कप पुढे करत. भिंतीवर बुद्धाचं एक चित्र होतं, कॅलेंडरातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. गावातले बरेच लोक त्यांच्या हातचं पाणीही घेत नसत. मी चहा घेई. आणि घेतो याचं मला स्वतःचं थोडं कौतुक होतं. हे लिहिताना मान खाली जाते, पण नोंद पुरी असावी.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील: नेमून दिलेलं काम संपलं की त्याला आपल्या पदरचं एक जास्तीचं काम जोडणारी. यांचं जास्तीचं काम म्हणजे विचारणं. घशाचा किंवा तोंडाचा तुकडा आला की डॉक्टरांच्या कागदावर ते विसंबत नसत. रोग्याजवळ, नाहीतर त्याच्या माणसांजवळ, जाऊन स्वतः विचारत.

“तंबाखू खाता का? बिडी? नस, तपकीर? खरं सांगा. मी काही पोलीस नोहो.”

लोक सांगत. बहुतेक जण हो म्हणत. एक म्हातारा म्हणाला होता, “खातो ना. तू बी खा,” आणि पुडी काढून पुढे धरली होती. ही गोष्ट ते स्वतः हसत सांगत.

काम संपल्यावर ठोकळे फेकायचे नसतात, पुन्हा काप काढायची वेळ येऊ शकते, हे त्यांना नागपुरात शिकवलेलं होतं. त्यांनी ते बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत ठेवले होते. लाल डब्यात तंबाखू खाणाऱ्यांचे. निळ्यात न खाणाऱ्यांचे. लाल डबा भरत आला होता. निळ्यात नऊ ठोकळे होते.

“हे नऊच्या नऊ घशाच्या मागचे,” एकदा त्यांनी मला दाखवलं. “जिभेच्या बुडाचे नाहीतर टॉन्सिलचे. गालाचा एक बी नाही. आता हे पाहा.” त्यांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. “लाल डब्यातला हाय. कांदा कापल्यावानी गोल-गोल दिसून राह्यले ना? आता हा निळ्यातला. दिसते का कांदा?”

दिसत नव्हता. मला तर दोन्हीकडे नुसता रंग दिसत होता, पण कांदा नव्हता एवढं खरं.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“म्हणतात, लोक लपवतात. तंबाखू खातात अन् नाही म्हणतात.” त्यांनी काच पुसून खोक्यात ठेवली. “एखादा लपवीन, सायेब. दोघं लपवतीन. पण लपवणाऱ्यायचेच तुकडे बिनकांद्याचे काऊन निघतीन? हा काही दुसराच रोग हाय. कायच्यानं होते ते मले नाही दिसत. माह्या भिंगात तेवढा दम नाही. पुढं कोणाजोळ मोठं भिंग असन, त्याले दिसन. तोवर मेणात राहू द्या. मेणात खराब होत नाही.”

रजिस्टरात त्यांनी पट्टीने रकाने आखले होते. क्रमांक, गाव, जागा, तंबाखू. शेवटचा रकाना ‘कारण’. निळ्या डब्यातल्या नऊ जणांपुढे तो कोरा होता.

त्या नवांतला शेवटचा ठोकळा एका गुरुजींचा होता.

गुरुजी संग्रामपूरकडच्या एका खेड्यातले, प्राथमिक शाळेचे. तंबाखूचे हाडवैरी. पोरांच्या खिशातल्या पुड्या काढून घेत आणि होळीत टाकत. पोरांच्या बापांनाही सोडत नसत. अशा माणसाला घशाचा कॅन्सर झाला आणि चार-सहा महिन्यांत ते गेले. गावाला याच्याइतकी रुचकर गोष्ट दुसरी मिळाली नसती. गुरुजी लपून खात होते. गुरुजींच्या उशाखाली पुडी सापडली. पोरांकडून घेतलेली तंबाखू जात होती कुठे, आता कळलं.

त्यांची मुलगी त्या खोलीत आली तेव्हा मी चहा पीत बसलो होतो. वीसेक वर्षांची असेल. वडिलांच्याच शाळेत तात्पुरती लागली होती. ती उभीच राहिली.

“भाऊ, तुम्हीच माह्या बाबाचा तुकडा तपासला ना? मले कागद पाह्यजे. त्यायनं तंबाखू खाल्ली नव्हती असा.”

“काऊन बाई? काय झालं?”

“पोरं फळ्यावर पुडीचं चित्र काढतात. बाजारात बाया विचारतात, काय व मास्तरीन, तुहा बाप कोणती खाये? आई घराबाहेर निघत नाही.” तिचा आवाज स्थिर होता. “मी घरात होती. मले माहीत हाय. पण माह्यं कोण ऐकते?”

भाऊ उठले. मग त्यांनी निळा डबा उघडून एक ठोकळा तिच्या तळहातावर ठेवला. मेणात हरभऱ्याएवढा पांढुरका तुकडा होता आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक.

“बाई, कागद देता येत नाही. कायच्यानं झालं ते मले दिसलं असतं तं मी सही करून देल्ली असती. पण हा मी वेगळा ठेवला हाय. माह्या रजिस्टरात ‘तंबाखू: नाही’ असं लिहिलं हाय. जेव्हा कोणाले दिसन तेव्हा याच्यातूनच दिसन. जपतो मी. तुमची अमानत हाय.”

तिने ठोकळा हलक्या हाताने परत दिला. जाताना म्हणाली, “हरवू नका, भाऊ.”

“मेणवाल्याजोळून मेण हरवत नाही, बाई.”

हे सगळं माझ्यासमोर झालं. मी ऐकलं. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे, त्यांच्याच पेन्सिलीने केलेली: ‘बिस्किटाचा डबा. आत गळ्यांचे तुकडे. मृतांचे.’

त्याच आठवड्यात संपादकांचं कार्ड आलं. तुमच्या जिल्ह्यातून सभा आणि सत्कार सोडून काही येत नाही, वाचनीय पाठवा. दुपारच्या एसटीने पाकीट जायचं होतं. मी अकरा ओळी लिहिल्या. एका धर्मादाय रुग्णालयात मृत रोग्यांच्या गळ्यांचे तुकडे बिस्किटांच्या एका डब्यात साठवले जात असून नातेवाइकांना त्याची कल्पना नाही. हा संग्रह ‘हा इसम’ करतो, आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव. नावाची बातमीला गरज नव्हती. पण नावाने बातमी पक्की दिसते, असं आम्हाला शिकवलं होतं. त्या आडनावाने आणखी काय-काय दिसेल, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी त्याच जिल्ह्यात राहत होतो.

नागपूरला मथळा बसला: ‘मृतांचे गळे डब्यात!’ खाली ‘आमच्या वार्ताहराकडून’. माझं नाव नव्हतं.

चौथ्या दिवशी रुग्णालयाच्या अंगणात बैलगाड्या सुटल्या. लोक भांडायला आले नव्हते, हे सांगायला हवं. ते मागायला आले होते. “माह्या मायचा तुकडा द्या. तिच्या राखेसंगं तो गेलाच नाही. तिले गती कशी भेटन?” त्यांचं चूक नव्हतं. त्यांनी माणूस जाळला होता, राख नदीत सोडली होती, तेरावं घातलं होतं. आणि आता पेपर सांगत होता की थोडा माणूस राहिलाच आहे, बिस्किटाच्या डब्यात.

कमिटीची बैठक झाली. मी वार्ताहर म्हणून हजर होतो. एक सभासद म्हणाले, “कोणाच्या हाती काय देऊन बसलो होतो आपण, हे तरी पाहा.” माझ्या वृत्तांतात हे वाक्य नाही.

सर्जनसाहेबांनी समजावून पाहिलं. मग मेणवाल्या भाऊंना आत बोलावलं. ते दारातच उभे राहिले.

“लाल डबा न्या,” ते म्हणाले. “निळा राहू द्या. नऊच हायेत. लहान डबा हाय. माह्या घरी ठेवतो, इथं नको असन तं.”

“तुमच्या घरी?” ते सभासद म्हणाले. पुढे बोलायची त्यांना गरज पडली नाही.

गुरुजींची मुलगीही आली होती, चुलत्याबरोबर. बाहेर व्हरांड्यात ती त्याला विनवत होती. “काका, बाबाचा राहू द्या. एवढा एक राहू द्या.” चुलता रडत होता. “व पोरी, माह्या भावाचा गळा डब्यात ठेवून मले झोप येईन का?” त्या दोघांपैकी कोणाचं बरोबर होतं, हे मी आजही सांगू शकणार नाही. ते दोघं तिथे का उभे होते, ते मात्र सांगू शकतो.

पूर्णा नदीवर सगळे गेले. भटजी होते. दोन्ही डबे एकाच चादरीत बांधून आणले होते. कोणता ठोकळा कोणाचा हे फक्त मेणवाल्या भाऊंना माहीत, म्हणून त्यांना यावंच लागलं. ते क्रमांक वाचत, गावाचं नाव सांगत आणि ठोकळा वाळूवर ठेवून मागे सरकत. मग नातेवाईक तो उचलून पाण्यात सोडत.

ठोकळे बुडाले नाहीत. मेण ते, तरंगायला लागले. काठाशी, फुलांमध्ये, एकमेकांना टेकत, पेन्सिलीचे आकडे वर करून. बायका घाबरल्या. कोणी म्हणालं, जात नाहीयेत, मन अडकलंय. भटजी भाऊंकडे पाहून म्हणाले, “काही कर बाबा. तूच केलं ना हे?”

त्यांनी धोतराचा काचा मारला आणि ते गुडघाभर पाण्यात गेले. एकेक ठोकळा गोळा केला. चादरीच्या चिंध्या फाडून प्रत्येकाला एक-एक दगड बांधला. गाठ नीट बसली का ते पाहून सोडला. ज्या हातांनी काप पाण्यावरून उचलायचे, त्याच हातांनी. प्रत्येक वेळी काठावर येऊन, हात पुसून, कानावरची पेन्सिल काढून रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि पुन्हा पाण्यात गेले. गुरुजींचा ठोकळा हातात आला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मुलगी काठावर होती. तिने मान वळवली.

मी बातमी पाठवली: ‘भावपूर्ण वातावरणात विसर्जन’. ती पहिल्या पानावर आली.

आठवड्याने मी त्या खोलीत गेलो. का गेलो ते नक्की आठवत नाही. बहुधा त्यांना कळलंय का, हे पाहायला. त्यांनी चहा ठेवला. मनगटावर थेंब टाकायला मेण नव्हतं. यापुढे तुकडे नागपूरला पाठवायचे असं कमिटीने ठरवलं होतं. चहा गाळताना ते म्हणाले,

“सायेब, डबे दोन होते.”

मी स्टोव्हकडे पाहत राहिलो.

“तुम्ही एक लिहिला. तुम्ही इथंच बसून पाह्यले होते ना? लाल अन् निळा. एकच लिहिलं म्हणून सगळे एकच समजले.” त्यांनी कप पुढे केला. “पेपरवाले दुरुस्ती छापतात ना जी?”

छापतात. मंत्र्याचं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी चौकटीत छापतात. मी म्हणालो, “एवढ्या लहान चुकीची छापत नाहीत.”

“असं का,” ते म्हणाले. “मंग राहू द्या.”

आवाज चढला असता तर मला सोपं गेलं असतं. तो चहा मी प्यालो. नंतर मी त्या खोलीत गेलो नाही. वाटेत दिसले तर ते “राम राम, सायेब” म्हणत, पूर्वीसारखंच. मीच सायकलचा वेग वाढवत असे. पुढे ते लघवी आणि रक्त तपासत राहिले आणि निवृत्त होऊन पिंपळगाव राजाला गेले. ती बातमी कोणी लिहिली हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला कळलंच असतं. गाव लहान होतं.

कित्येक वर्षांनी एक वयस्क बाई माझा पत्ता शोधत आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. ओळख दिली तेव्हा कळलं, गुरुजींची मुलगी. जुना पत्रकार म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या. त्यांचा भाचा नागपुरात डॉक्टर होता. त्याने त्यांना सांगितलं होतं की घशाच्या मागच्या भागातला काही कॅन्सर तंबाखूने होतच नाही, एका विषाणूने होतो. चामखिळीच्या विषाणूंच्या कुळातलाच एक, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. वर्गात समजावून सांगावं तसं त्यांनी मला पुढचं समजावलं. मेणातल्या तुकड्याचा नवा काप घ्यायचा. आधी एका खास रंगाने पाहायचं, पेशीत ठरावीक प्रथिन साचलंय का. हा विषाणू घुसला की ते साचतं. साचलेलं दिसलं तर विषाणूचं जनुकच शोधायचं. ते अगदी थोडं उरलेलं असलं तरी यंत्रात त्याच्या प्रतींवर प्रती काढून दिसण्याइतकं वाढवता येतं. फार जुन्या मेणातून दर वेळी निघतंच असं नाही. पण शोधता येतं.

“भाऊ म्हणाले होते, कोणाले तरी दिसन,” त्या म्हणाल्या. शिक्षकी मराठीतून त्या अचानक घरच्या बोलीवर आल्या. “तुकडा तं गेला. रजिस्टर कुठं असन का? तेवढं तरी.”

मी पिंपळगाव राजाला गेलो. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या मुलाने मला बसवलं, पाणी दिलं आणि पत्र्याच्या पेटीतून रजिस्टर काढून दिलं. “रद्दीत निघालं होतं दवाखान्यातून. बाबानं मागून आणलं. न्या, पण वापस द्या.”

मी ते ओट्यावर बसून पाहिलं. गुरुजींचा क्रमांक. जागा: टॉन्सिल. तंबाखू: नाही. कारण: कोरं. त्यापुढे समासात बारीक अक्षरात ‘पूर्णेत’. पेन्सिलीचं अक्षर, जसंच्या तसं.

शेवटच्या पानावर माझं कात्रण चिकटवलेलं होतं. माझ्या अकरा ओळी. त्यांचं नाव तसंच होतं, ‘हा इसम’ तसाच होता. त्यांना त्यांनी हात लावला नव्हता. फक्त ‘एका डब्यात’मधला ‘एका’ पेन्सिलीने खोडून वर ‘दोन’ लिहिलं होतं.

ते पान वाळून सुटत आलेलं होतं. कात्रण सहज काढता आलं असतं. एसटीत दोनदा माझा हात तिकडे गेला.

बाईंनी रजिस्टर मांडीवर घेतलं. ‘नाही’ या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. मग पानं उलटत शेवटी आल्या आणि कात्रण वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे कोणी लिहिलं होतं?”

“मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ‘दोन’वर त्यांची नजर होती.

“भाऊले माहीत होतं?”

“हो.”

“मंग काही म्हणले नाही ते तुमाले?”

“म्हणाले,” मी सांगितलं. “डबे दोन होते.”